शीत, दुर्गम सरोवरांतील सूक्ष्मजीव आणि हवामान बदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि विदर्भातील विद्यार्थी, शिक्षक व जिज्ञासू वाचक या विषयासंबंधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी विषयच गुंतागुंतीचा आहे.

‘शीत आणि दुर्गम सरोवरे’ म्हणजे नेमकी कोणती?

ज्यांचा पृष्ठभाग वर्षातील निदान काही महिने गोठलेला असतो आणि ज्यांच्या काठावर शहरे, कारखाने किंवा शेती नाही, अशी सरोवरे येथे अभिप्रेत आहेत. त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. कॅनडाचे उत्तर टोक, ग्रीनलँड, अलास्का व सायबेरिया येथील सरोवरे हा पहिला गट. अंटार्क्टिकातील बर्फमुक्त खोऱ्यांमधील सरोवरे हा दुसरा, आणि लडाख, सिक्कीम, तिबेट यांसारख्या उंच प्रदेशांतील सरोवरे हा तिसरा.

नागपूरजवळचे तलाव सोडून इतक्या दूरच्या पाण्याचा अभ्यास कशासाठी?

अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या पाण्यात शेवाळ वाढले, तर त्यामागे सांडपाणी, निर्माल्य, जलपर्णी, पाणलोटातील बांधकामे आणि वाढते तापमान अशी अनेक कारणे एकाच वेळी असू शकतात, आणि त्यांपैकी हवामानाचा वाटा किती हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समीर बेटावरील सरोवराच्या बाबतीत ही सगळी स्थानिक कारणे मुळातच नसतात, त्यामुळे तेथे दिसणारा बदल अधिक निःसंदिग्धपणे वाचता येतो. शिवाय उत्तर ध्रुवीय प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत असल्याचे आढळले आहे. जे इतरत्र हळूहळू घडेल, ते तेथे आताच घडत आहे.

या पाण्यात कोण राहते?

अंटार्क्टिकातील मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज या खोऱ्यांतील सरोवरांत मासे नाहीत, पाणवनस्पती नाहीत, आणि तेथील सर्वांत मोठा प्राणीही सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. म्हणजे तेथे सूक्ष्मजीव हे जीवसृष्टीचा पाया असतातच, पण जवळजवळ संपूर्ण जीवसृष्टीही तेच असतात. सायनोबॅक्टेरिया म्हणजे नील-हरित जिवाणू तळावर जाड थर रचतात. पाण्यात एकपेशीय शैवाले, डायटम म्हणजे सिलिकेचे कवच असलेली शैवाले, जिवाणू, आर्किया म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातील एकपेशीय जीव, बुरशी आणि या सर्वांना संसर्ग करणारे विषाणू असतात. अंटार्क्टिकातीलच उंटरसे या सरोवराच्या तळाशी सायनोबॅक्टेरियांनी उभारलेले, अर्ध्या मीटरपर्यंत उंचीचे शंकू सापडले आहेत. पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांत आढळणाऱ्या स्ट्रोमॅटोलाइटशी, म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरांवर थर रचून बनवलेल्या रचनांशी, त्यांचे साम्य असल्यामुळे भूवैज्ञानिकांनाही त्यांच्यात रस आहे.

शून्य अंशाच्या आसपास हे जीव गोठून मरत कसे नाहीत?

पहिली गोष्ट अशी की बर्फाच्या थराखालचे पाणी गोठलेले नसते. ते साधारणपणे शून्य ते चार अंशांच्या दरम्यान द्रव अवस्थेत राहते. तरीही एवढ्या थंडीत पेशीचे पटल ताठर होण्याचा धोका असतोच. डिसेंबरच्या थंडीत नागपुरातही खोबरेल तेल बाटलीत घट्ट होते, पण जवसाचे तेल पातळच राहते, कारण जवसाच्या तेलात असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त असते. शीतप्रिय सूक्ष्मजीव आपल्या पेशीपटलात हीच असंपृक्त मेदाम्ले वाढवतात आणि पटल लवचीक ठेवतात. त्यांची विकरेही (एन्झाइम) अधिक शिथिल रचनेची असतात, त्यामुळे ती थंडीत काम करतात. मात्र तापमान वाढले की तीच लवकर निकामी होतात.

दुसरा प्रश्न अंधाराचा. ध्रुवीय हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवतच नाही. तेथील काही एकपेशीय शैवाले उन्हाळ्यात प्रकाशसंश्लेषण करतात आणि हिवाळ्यात चक्क जिवाणू गिळून जगतात. वनस्पती आणि प्राणी ही आपली शालेय विभागणी या जीवांना ठाऊक नाही.

तापमान एखाद्या अंशाने वाढले तर एवढे काय बिघडते? नागपुरात दिवस-रात्रीत पंधरा अंशांचा फरक पडतोच की.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो रास्तही आहे. जगभरातील २३५ सरोवरांच्या नोंदींवरून १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातील पृष्ठभागाचे तापमान दर दशकाला सरासरी ०.३४ अंश सेल्सिअसने वाढल्याचे दिसले. हा आकडा वाचून कोणीही विचारील की एवढ्याशा वाढीची पर्वा जिवाणूने का करावी. माझ्या मते या विषयातील बहुतेक गैरसमज इथेच जन्म घेतात, कारण आपण तापमान पाहत राहतो आणि बर्फ विसरतो. पंचवीस अंशांचे पाणी सव्वीस अंशांवर गेले, तर ते पाणीच राहते. उणे अर्ध्या अंशावरून अधिक अर्ध्या अंशावर गेल्यास मात्र सरोवराचे झाकण नाहीसे होते.

हे झाकण बरीच कामे करते. ते, विशेषतः त्यावर हिम साचलेले असताना, पाण्यात शिरणारा प्रकाश मोजून-मापून आत सोडते, आणि खालचे जीव त्या मंद प्रकाशाशी इतके जुळवून घेतलेले असतात की अचानक आलेला भर उजेड व अतिनील किरणे त्यांना अपायकारक ठरतात. ते वाऱ्याला पाण्यापासून दूर ठेवते, त्यामुळे पाण्याचे थर ढवळले जात नाहीत. अंटार्क्टिकातील कायम गोठलेल्या काही सरोवरांत वर गोडे पाणी आणि तळाशी अतिखारट पाणी असे थर दीर्घकाळ टिकून आहेत, आणि प्रत्येक थरात वेगळी वस्ती आहे. हे झाकण हवा आणि पाणी यांच्यातील वायूंची देवाणघेवाणही अडवते. झाकण गेले की प्रकाश, लाटा, प्राणवायू, मीठ आणि पोषकद्रव्ये या सगळ्यांची मांडणी एकदम बदलते, आणि सूक्ष्मजीवांना एका अंशाशी नव्हे, तर जवळजवळ नव्या सरोवराशी जुळवून घ्यावे लागते.

कॅनडाच्या उत्तर टोकाला ८३ अंश अक्षांशावर असलेल्या वॉर्ड हंट सरोवराचे उदाहरण बोलके आहे. एकेकाळी चार मीटरहून अधिक जाडीचे असलेले त्याचे कायमस्वरूपी हिमावरण २००८ नंतर झपाट्याने पातळ झाले आणि २०११ च्या उन्हाळ्यात ते पूर्ण विरघळून खुले पाणी दिसले.

पण उष्णता वाढली की जीव अधिक वाढतील, मग हे चांगलेच नाही का?

काही ठिकाणी उत्पादन खरोखर वाढते, हे मान्य केले पाहिजे. उलट बाजूनेही याचा पुरावा आहे: मॅकमर्डो ड्राय व्हॅलीजमध्ये १९८६ ते २००० या काळात उन्हाळे थंड होत गेले, हिमनद्यांचे पाणी कमी आले आणि सरोवरांतील प्राथमिक उत्पादन, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारे सेंद्रिय द्रव्य, दरवर्षी ६ ते ९ टक्क्यांनी घटले. त्यानंतर २००१-०२ च्या असामान्य उबदार उन्हाळ्यात पाण्याचा लोंढा आला आणि चित्र पालटले.

तथापि ‘किती वाढले’ यापेक्षा ‘कोण वाढले’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सायबेरियातील बैकल हे १,६४२ मीटर खोलीचे, जगातील सर्वांत खोल सरोवर. मिखाईल कोझोव या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये तेथे नियमित नमुने घेण्यास सुरुवात केली. पुढे त्यांच्या कन्येने आणि नंतर नातीने ते काम चालू ठेवले. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी सांभाळलेल्या या नोंदींचे विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा १९४६ पासून पृष्ठभागाचे पाणी १.२१ अंशांनी तापल्याचे आणि १९७९ पासून हरितद्रव्याचे प्रमाण ३०० टक्क्यांनी वाढल्याचे स्पष्ट झाले. बैकलचे वैशिष्ट्य असलेले मोठ्या आकाराचे डायटम मात्र वसंतात बर्फाखाली, स्वच्छ बर्फातून झिरपणाऱ्या उजेडात वाढतात. बर्फाचा काळ आखडत गेला किंवा स्वच्छ बर्फाऐवजी दुधी, अपारदर्शक बर्फ बनू लागला, तर एकूण हिरवेपणा वाढूनही याच जीवांचा हंगाम बुडू शकतो, आणि त्यांच्यावर पोसणाऱ्या पुढच्या साखळीची घडी विस्कटते.

वितळलेल्या हिमनदीचे पाणी स्वच्छ असते, मग त्याने काय अपाय होणार?

ते दिसते तितके स्वच्छ नसते. हिमनदी खडक दळत पुढे सरकते आणि तिच्या पाण्याबरोबर अतिशय बारीक भुकटी सरोवरात येते. एल्समीर बेटावरील हेझन सरोवरात याचे परिणाम तपशीलवार पाहिले गेले आहेत. तेथे उन्हाळी हवेचे तापमान सुमारे एका अंशाने वाढले, आणि तेवढ्यानेच हिमनद्यांतून येणारे पाणी जवळजवळ दहापट झाले. एक अंश आणि दहापट, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. एवढे पाणी आल्यावर गढूळपणा वाढतो, खोलवर प्रकाश पोहोचत नाही, तळावरील थर गाळाखाली दबतात आणि पाणी सरोवरात राहण्याचा काळ कमी होतो. ज्या भागांत हिमनदीचा गाळ अधिक येतो, तेथील तळाच्या गाळात सूक्ष्मजीवांची विविधता कमी असल्याचे आढळले. म्हणजे बैकलमध्ये उष्णतेने पाणी हिरवे केले, तर हेझनमध्ये ते गढूळ. या विषयावर सरसकट विधान करणाऱ्यांनी ही दोन सरोवरे शेजारी ठेवून पाहावीत.

ग्रीनलँडमधील सरोवरे तपकिरी झाली, ते काय प्रकरण आहे?

पश्चिम ग्रीनलँडमध्ये २०२२ च्या शरद ऋतूत, ज्या दिवसांत हिम पडायला हवे त्या दिवसांत विक्रमी उष्णता आणि मुसळधार पाऊस आला. गोठलेल्या जमिनीतील कार्बन, लोह आणि इतर द्रव्ये वाहून हजारो सरोवरांत गेली आणि निळे पाणी तपकिरी झाले. गढुळलेल्या पाण्यात प्रकाशसंश्लेषण मंदावले, तर वाहून आलेला सेंद्रिय कार्बन खाणाऱ्या जिवाणूंचे फावले. परिणामी उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड शोषणारी ही सरोवरे तो बाहेर टाकू लागली. या घटनेचे महत्त्व तिच्या वेगात आहे. शतकानुशतके हळूहळू होईल असे मानले जाणारे परिवर्तन येथे एका वर्षाच्या आत घडले.

मिथेनविषयी इतकी चिंता का व्यक्त केली जाते?

कारण येथे सूक्ष्मजीव हवामान बदलाचे परिणाम भोगतात आणि त्याला हातभारही लावतात. अलास्का आणि सायबेरियात हजारो वर्षे गोठलेली जमीन वितळून खचते, खळगा तयार होतो आणि त्यात पाणी साठून नवे तळे बनते. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, पण प्राचीन वनस्पतींचा कार्बन भरपूर असतो. तो कुजवण्याच्या अखेरच्या पायरीवर आर्किया गटातील सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा आहे.

या क्रियेची तापमानाबाबतची संवेदनशीलता विलक्षण आहे. निरनिराळ्या परिसंस्थांतील मोजमापे एकत्र करून २०१४ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, तापमान शून्यावरून ३० अंशांवर गेल्यास प्रकाशसंश्लेषण सुमारे ४ पट, श्वसन १६ पट, तर मिथेनचे उत्सर्जन ५७ पट वाढते. ध्रुवीय तळे ३० अंशांपर्यंत तापणार नाही हे उघड आहे. पण तिन्ही क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत, आणि त्यांत मिथेन पुढे धावते, ही त्यातील खरी गोष्ट.

दिलासा देणारा एक घटकही आहे. पाण्यातील मिथेनभक्षी जिवाणू वर येणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा वाटेतच वापरून टाकतात. खोल पाण्यात त्यांना त्यासाठी पुरेसा अवधी मिळतो. उथळ तळ्यांत मात्र वायू बुडबुड्यांच्या रूपाने सरळ वर निसटतो. हिवाळ्यात हे बुडबुडे बर्फात अडकून राहतात. अलास्कातील संशोधक बर्फाला भोक पाडून तो वायू पेटवून दाखवतात, त्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. छायाचित्र नेत्रदीपक असते, पण एकूण हिशेबात महत्त्व आहे ते दिवस-रात्र शांतपणे निसटणाऱ्या वायूला.

हे बदल अलीकडचेच आहेत, हे कशावरून म्हणायचे?

सरोवराचा तळ हीच त्याची नोंदवही असते. डायटमची कवचे सिलिकेची असल्यामुळे ती गाळात शतकानुशतके टिकतात आणि त्यांवरून प्रजातीही ओळखता येते. गाळाचा उभा स्तंभ काढून त्याचे पातळ काप करतात आणि शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाच्या साहाय्याने, ज्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे आहे, गेल्या दीडशे वर्षांतील थरांचे वय ठरवतात. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील अशा ५५ नोंदींचा एकत्रित अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य ठिकाणी साधारणपणे १८५० नंतर तळाशी राहणाऱ्या डायटमची जागा खुल्या पाण्यात तरंगणाऱ्या प्रजातींनी घेतल्याचे त्यात दिसले, आणि जेथे तापमानवाढ अधिक तेथे हा बदलही अधिक होता. तरंगणाऱ्या प्रजातींना वाढण्यासाठी बर्फमुक्त दिवस लागतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

बर्फाच्या थेट नोंदी याहून जुन्या आहेत. जपानमधील सुवा सरोवर कधी गोठले, याची नोंद तेथील शिंतो मंदिराच्या पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवली आहे. अलीकडच्या दशकांत ते अनेक हिवाळ्यांत गोठलेच नाही.

सरोवरातील प्रत्येक बदल हवामानामुळेच होतो का?

नाही, आणि असे म्हणणे विज्ञानाचे नुकसान करणारे आहे. बैकलच्या काठालगत २०१० नंतर स्पायरोगायरा या तंतुमय शैवालाची जी बेसुमार वाढ दिसली, ती प्रामुख्याने किनाऱ्यावरील गावे व पर्यटनस्थळांच्या सांडपाण्याशी जोडली जाते. तेथे प्रश्न मलनिःसारणाचा आहे, आणि त्यावरचा उपायही तेथेच शोधावा लागेल. वस्तीपासून दूर असलेल्या सरोवरांतही हवेतून येणारे नायट्रोजनचे संयुग भर घालतेच.

हिमालयातील सरोवरांची स्थिती काय आहे?

लडाखमधील पँगाँग सुमारे सव्वाचार हजार मीटर उंचीवर आहे आणि खारे असूनही हिवाळ्यात गोठते. त्सो मोरिरी त्याहून उंचावर आहे, तर त्सो कार अधिक खारट. यांतील अनेक सरोवरांना बाहेर पडणारी नदी नाही, त्यामुळे आलेले पाणी आणि बाष्पीभवन यांच्या तोलावर त्यांची क्षारता ठरते. तिबेटच्या पठारावरील अशी अनेक बंदिस्त सरोवरे गेल्या काही दशकांत जास्तीच्या पाण्याने विस्तारली आणि त्यांचे पाणी कमी खारट झाले आहे. कोणत्या पाण्यात कोणते सूक्ष्मजीव राहतील हे ठरवण्यात क्षारता बहुधा तापमानापेक्षाही प्रभावी असते; म्हणून खारट सरोवर गोडे होऊ लागले की तेथील मिठाला सरावलेल्या वस्तीची गच्छंती सुरू होते.

याच्या उलट दिशेचे उदाहरण विदर्भाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते पातळी घटून क्षारता वाढल्याने मीठप्रिय आर्किया वाढल्यामुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत आढळले. लोणार शीत सरोवर नाही, पण पाण्याचा ताळेबंद बदलला की सूक्ष्मजीव किती लवकर प्रतिसाद देतात, हे त्याने दाखवले.

हिमनद्या मागे हटल्याने नवी सरोवरेही तयार होत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटल्यावर त्यांच्या धोक्याची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी. मात्र या नव्या, गाळाने भरलेल्या पाण्यात प्रथम कोण वस्ती करते, या प्रश्नाकडे आपल्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बर्फात दडलेले जुने रोगजंतू जागे होऊन साथ पसरेल का?

मथळ्यांत वाटते तेवढी ही शक्यता मोठी नाही, पण ती शून्यही नाही. सायबेरियातील ३०,००० वर्षे जुन्या गोठलेल्या जमिनीतून २०१४ मध्ये एक महाकाय विषाणू पुन्हा सक्रिय करण्यात आला. तो फक्त अमीबाला संसर्ग करतो. सायबेरियातीलच यामाल द्वीपकल्पात २०१६ साली अँथ्रॅक्सने हजारो रेनडिअर आणि एक मुलगा दगावला, आणि ते बीजाणू वितळलेल्या जमिनीतून वर आले असावेत असे मानले जाते. हेझन सरोवराच्या गाळातील जनुकीय नमुन्यांवरून २०२२ मध्ये असा निष्कर्ष निघाला की हिमनदीचे पाणी वाढते तेथे विषाणूंनी नवे यजमान शोधण्याची शक्यताही वाढते. तो शक्यतेविषयीचा निष्कर्ष आहे, साथीचे भाकीत नव्हे.

अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली गाडलेल्या सरोवरांनाही तापमानवाढीचा धोका आहे का?

नजीकच्या काळात फारसा नाही. व्होस्टोक सरोवरावर सुमारे पावणेचार किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. रशियन संशोधकांनी बर्फात पाडलेले छिद्र फेब्रुवारी २०१२ मध्ये तेथपर्यंत पोहोचले. तसेच बर्फाखाली असलेल्या व्हिलन्स सरोवरात जानेवारी २०१३ मध्ये ८०० मीटर बर्फ भेदून घेतलेल्या पाण्यात दर मिलीलिटरमागे सुमारे १,३०,००० पेशी आढळल्या.

काही सूक्ष्मजीव नाहीसे झाले, तर आपले काय जाते?

एक उदाहरण पुरेसे आहे. अंटार्क्टिकातील वांडा सरोवराच्या गाळातून वेगळ्या केलेल्या एका यीस्टचे लायपेज हे मेदाचे विघटन करणारे विकर आज औषधे, सुगंधी द्रव्ये आणि मेदप्रक्रिया उद्योगांत जगभर वापरले जाते. ते यीस्ट कोणी उपयोग डोळ्यांसमोर ठेवून शोधलेले नव्हते. ज्या वस्तीची मोजदादच झाली नाही, तिच्यातून काय गेले हे नंतर सांगता येत नाही.

नागपूरच्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात काम करायचे असल्यास मार्ग कोणता?

सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा भूशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयातून येता येते. मात्र जनुकक्रमांचे संगणकीय विश्लेषण शिकल्याशिवाय आता निभाव लागत नाही. पाण्याच्या सूक्ष्मजीवशास्त्राची शिस्त नागपुरातच, नीरीसारख्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्थेच्या परिसरात, समजून घेता येते. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्को येथे आहे. अंटार्क्टिकातील मैत्री व भारती ही केंद्रे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील हिमाद्री आणि स्पितीतील हिमांश हे केंद्र त्याच्याच अखत्यारीत चालते. मैत्रीला पाणी पुरवणारे प्रियदर्शिनी सरोवर आणि शिर्माखर ओअ‍ॅसिसमधील इतर शंभराहून अधिक सरोवरे भारतीय संशोधकांच्या हाताशी आहेत.

इच्छुकांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. या कामात सर्वांत नाजूक टप्पा प्रयोगशाळेत नसून वाहतुकीत असतो. दोन अंशांच्या पाण्यातील नमुना शुष्क बर्फाशिवाय (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडशिवाय) निघाला आणि मे महिन्यातील नागपूरच्या धावपट्टीवर तासभर पडून राहिला, तर बाटलीत थंडीतले जीव मागे पडतात, उष्णता सोसणारे जिवाणू वाढू लागतात आणि नंतर येणारे जनुकक्रम सरोवराचे नसून प्रवासाचे असतात. म्हणून पाणी शक्य तेथे काठावरच गाळून घ्यावे, गाळणी लगेच गोठवावी, आणि खोक्यात तापमान नोंदवणारे उपकरण ठेवल्याखेरीज ते कोणाच्याही हवाली करू नये.